पाण्याखालचे छायाचित्र

अंदमानच्या किंवा लक्षद्वीपच्या निर्मळ समुद्रात पहिल्यानेच बुडी मारून आलेला मनुष्य किनाऱ्यावर बसून आपल्या छोट्या कॅमेऱ्यातील चित्रे पाहू लागला, की बहुधा त्याची निराशा होते. प्रवाळांची तपकिरी आणि पिवळसर झुडपे, त्यांच्यामधून सुळकन निघून जाणारे नारिंगी मासे, सोबत्याच्या पोशाखावरील तांबडा पट्टा, हे सारे आपण पाहिले असे त्याला पक्के आठवत असते. चित्रात मात्र सर्वत्र एकच निळसर-हिरवी छटा पसरलेली असते. मासा म्हणजे एक करडा ठिपका, आणि प्रवाळ म्हणजे धुक्यातील दगड. कॅमेरा खोटे बोलला काय?

कॅमेरा खोटे बोलला नाही. त्याच्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचला तेवढ्याचीच त्याने प्रामाणिक नोंद केली. वाटेत काही प्रकाश पाण्याने काढून घेतला होता. मनुष्याचा मेंदू अशी तूट सवयीने बरीचशी भरून काढतो. यंत्र ती भरून काढीत नाही. पाणी प्रकाशातून काय घेते, किती घेते आणि ते परत कसे मिळवावे, हे ज्याला समजले त्याला साध्या, हातात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यानेही पाण्याखाली उत्तम छायाचित्रे घेता येतात. आज अशा छायाचित्रांना केवळ हौसेचे नव्हे तर पुराव्याचेही मोल आले आहे. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेणे इष्ट आहे.

पूर्वेतिहास

पाण्याखाली कॅमेरा नेण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बान्यूल या गावी असलेल्या सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ नावाचे प्राणिशास्त्रज्ञ काम करीत असत. १८९३ साली त्यांनी आपल्या भावाच्या साह्याने पाणी न शिरणारी एक पेटी तयार करवून तीत कॅमेरा बसविला आणि समुद्रतळाची छायाचित्रे घेतली. त्या काळच्या काचा मंद होत्या. एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तासही कॅमेरा उघडा ठेवावा लागे. उजेड अपुरा पडे म्हणून त्यांनी ऑक्सिजनने भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवून त्याच्या ज्योतीत मॅग्नेशियमची पूड उडविण्याची युक्ती काढली. पाण्याखालच्या कृत्रिम प्रकाशाचा आरंभ तो हा.

पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे १९२६ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी घेण्यात आली. विल्यम लाँगली हे शास्त्रज्ञ आणि चार्ल्स मार्टिन हे छायाचित्रकार यांनी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडविला आणि त्या लखलखाटात खालच्या माशांची चित्रे टिपली. पुढे १९४३ साली झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी श्वासाच्या मागणीप्रमाणे हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले व पाणबुड्याची वरच्या नळीपासून सुटका झाली. कुस्तो यांच्यासाठी बेल्जियमच्या झाँ द वूटर्स यांनी योजलेल्या कॅमेऱ्यावरून १९६३ साली जपानमध्ये ‘निकोनॉस’ हा कॅमेरा निघाला. त्याला वेगळ्या पेटीची गरज नव्हती. परंतु एका फिल्मवर ३६ चित्रे मावत, पाण्याखाली फिल्म बदलता येत नसे, आणि चित्र साधले की नाही हे घरी जाऊन फिल्म धुतल्यावरच कळे.

डिजिटल कॅमेऱ्याने ही शेवटची अडचण दूर केली. चित्र घेताच ते पाठीमागील पडद्यावर दिसते. चूक झाली असेल तर तेथल्या तेथे सुधारता येते. मात्र पाण्याचे नियम बुताँ यांच्या काळी होते तेच आजही आहेत.

पाणी प्रकाशाचे काय करते?

सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंग मिसळलेले असतात, हे आपण शाळेत लोलकाच्या प्रयोगात पाहतो. पाणी हे सर्व रंग सारख्याच सुलभतेने जाऊ देत नाही. जकातनाक्यावर निरनिराळ्या मालावर निरनिराळी जकात बसते, तसाच हा प्रकार आहे. तांबड्यावर जकात फार भारी, निळ्यावर नाममात्र.

अगदी शुद्ध पाण्याचे उदाहरण घेऊ. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश ५ मीटर पाण्यातून गेला की त्याचा पाचवा हिस्साही उरत नाही. १० मीटरनंतर अवघा तिसावा हिस्सा उरतो. उलट ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश १० मीटर प्रवास करूनही शंभरात नव्वदाहून अधिक शिल्लक असतो. तांबड्यामागोमाग नारिंगी आणि मग पिवळा क्षीण होत जातो. म्हणूनच खोल पाण्यात तांबडा मासा काळपट दिसतो. त्याच्या अंगाने परत पाठवावा असा तांबडा प्रकाश तेथपर्यंत पोहोचतच नाही.

या शोषणाबरोबर आणखी एक क्रिया घडते, ती म्हणजे प्रकीर्णन. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश इतस्ततः विखुरतात, आणि निळा प्रकाश अधिक विखुरतात. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, अशी एके काळी समजूत होती. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपातून बोटीने परत येत असता त्यांनी वाटेत समुद्राच्या रंगाचे निरीक्षण केले. आकाशाचे प्रतिबिंब एका विशिष्ट लोलकाच्या साह्याने वगळले तरी पाणी निळेच दिसते, असे त्यांस आढळले. हा निळा रंग पाण्याच्या रेणूंनी केलेल्या प्रकीर्णनातून येतो, असे प्रतिपादणारे त्यांचे पत्र मुंबई बंदरातून, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे आहे. पाण्याखाली दूरच्या वस्तूवर जो निळा पडदा पडलेला दिसतो, तो याच क्रियेचा परिणाम होय. किनाऱ्याजवळ त्यात गाळाची आणि सूक्ष्म वनस्पतींची भर पडते व निळ्याऐवजी हिरवी छटा येते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पाणी जी जकात घेते ती केवळ खोलीवर नव्हे, तर प्रकाशाच्या एकूण प्रवासावर घेते. सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून प्रवाळापर्यंत १० मीटर आला आणि प्रवाळापासून कॅमेऱ्यापर्यंत आणखी ३ मीटर गेला, तर हिशेब १३ मीटरांचा होतो. खोली कमी करणे नेहमी आपल्या हाती नसते; परंतु कॅमेरा आणि वस्तू यांमधील अंतर कमी करणे आपल्या हाती असते. पाण्याखालील छायाचित्रणाचे पुढील सारे नियम या एका वाक्यातून निघतात.

भासते तेवढे जवळ नसते

एका वाटीत नाणे ठेवून वाटीच्या कडेमुळे ते दिसेनासे होईपर्यंत मागे सरका. मग कोणाला तरी वाटीत हळूहळू पाणी ओतण्यास सांगा. नाणे जागचे न हलता पुन्हा दिसू लागेल. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून असे घडते. यालाच वक्रीभवन म्हणतात. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १·३३ आहे.

पाणबुड्याच्या चष्म्यात आणि कॅमेऱ्याच्या सपाट काचेआड हवा असते. तेव्हा पाण्यातील वस्तू आहे त्याच्या तीनचतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. चार हात दूर असलेला मासा तीन हातांवर आहे असे वाटते. नवशिक्या मनुष्य त्यामुळे फसतो व आपण पुरेसे जवळ आलो असे समजून दुरूनच चित्र घेतो. म्हणून अनुभवी लोक सांगतात, पुरेसे जवळ आलो असे वाटले की आणखी थोडे जवळ जावे.

वक्रीभवनाचा दुसरा परिणाम असा, की कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. हवेत ७५ अंशांचा कोन सामावून घेणारे भिंग सपाट काचेआडून पाण्यात सुमारे ५५ अंशच पाहू शकते. मोठी वस्तू चौकटीत बसवावी तर मागे सरकावे लागते, आणि मागे सरकले की मधले पाणी वाढते. यावर उपाय म्हणून पेटीच्या काचेपुढे लावावयाचे विस्तृत दृष्टिक्षेत्राचे भिंग मिळते. त्याच्यामुळे जवळ राहूनही संपूर्ण वस्तू चौकटीत बसविता येते.

लहान वस्तूंच्या बाबतीत छोट्या कॅमेऱ्याला एक जन्मजात सोय लाभली आहे. त्याचा प्रकाशसंवेदक लहान, म्हणून भिंगही लहान. त्यामुळे काही सेंटीमीटरांवरील वस्तूही तो स्पष्ट टिपू शकतो, आणि पुढच्या-मागच्या बऱ्याच भागाची रेखीवता कायम राहते. शंखाची नक्षी, प्रवाळाचे एकेक मुख, कोळंबीचे डोळे हे विषय त्याच्या फार सोयीचे आहेत. अंधुक प्रकाशात मात्र लहान संवेदकाच्या चित्रात दाणे उमटतात, ही त्याची मर्यादा होय.

पेटी आणि पाण्याचा दाब

समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारणपणे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर हवेचा दाब असतोच. म्हणजे ३० मीटर खोलीवर एकूण दाब चार वातावरणांचा होतो. १५ सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर रुंद अशा पेटीच्या एका बाजूवर त्या खोलीवर पाण्याचा जो जादा भार पडतो, तो सुमारे ४५० किलोग्रॅम वजनाइतका असतो.

काही छोटे कॅमेरे १० ते १५ मीटरांपर्यंत पेटीवाचूनही पाणी सहन करतील असे बांधलेले असतात. त्याहून खोल जावयाचे तर कठीण प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची जलरोधक पेटी लागते. या पेटीचे रक्षण करते ते एक साधे रबरी कडे. ओ-रिंग या नावाने ते ओळखले जाते. पेटीचे दार आणि चौकट यांमध्ये ते दाबून बसते व पाण्याची वाट बंद करते. पुष्कळांस वाटते की पाणी शिरण्याचा धोका खोल गेल्यावरच. वस्तुस्थिती अशी आहे, की खोलीबरोबर दार अधिकच घट्ट दाबले जाते. वाळूचा कण किंवा एखादा केस कड्यावर आडवा राहिला असेल, तर पाणी पुष्कळदा उथळ भागातच झिरपू लागते.

यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात. पेटी घाईने, होडीच्या हेलकाव्यात बंद करू नये. घरी, स्वच्छ आणि कोरड्या जागी बंद करावी. कड्यावरून बोट फिरवून कण लागतो का पाहावे, आणि निर्मात्याने सांगितलेलेच वंगण अगदी पातळ लावावे. नवी पेटी प्रथम कॅमेऱ्यावाचून, आत कागदाचा तुकडा ठेवून पाण्यात न्यावी. कागद कोरडा राहिला तरच तिच्यावर विश्वास टाकावा. दमट हवा पेटीत कोंडली गेली आणि पेटी गार पाण्यात उतरली, की काचेवर आतून बाष्प धरते. ते टाळण्यास सिलिका जेलची पुडी आत ठेवावी. बाहेर आल्यावर पेटी न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी व प्रत्येक कळ अनेकदा दाबावी. तसे न केल्यास मीठ कळांच्या दांड्यांत सुकते आणि पुढच्या खेपेस तेथूनच पाण्याला वाट मिळते.

हरवलेला रंग परत मिळविण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग श्वेतसंतुलनाचा. कोणता रंग पांढरा समजावा, हे डिजिटल कॅमेऱ्याला सांगता येते. पाणबुड्याने पांढरी पाटी जवळ बाळगावी, ज्या खोलीवर चित्रे घ्यावयाची त्या खोलीवर कॅमेरा तिच्यावर रोखावा आणि ‘हा पांढरा’ अशी त्याला खूण पटवावी. मग निळ्याचे प्रमाण कमी करून व तांबड्याचे वाढवून तो पुढील चित्रे नोंदवितो. खोली तीन-चार मीटरांनी बदलली की खूण पुन्हा पटवावी लागते. ज्या कॅमेऱ्यात असंस्कारित, म्हणजे कच्च्या नोंदीची सोय आहे, त्यात हे काम नंतर संगणकावरही करता येते. तथापि एक मर्यादा विसरू नये. तांबडा प्रकाश थोडा असेल तर तो वाढविता येतो. मुळीच नसेल तर शून्याला कितीही पट केली तरी शून्यच राहते, आणि चित्रात केवळ दाणे वाढतात.

दुसरा मार्ग तांबड्या गाळणीचा. गाळणी तांबडा रंग देते, असा एक गैरसमज आहे. गाळणी काहीच देत नाही. ती निळा व हिरवा प्रकाश अडवून तराजूची दोन्ही पारडी समान करते. साहजिकच एकूण उजेड कमी होतो. म्हणून तिचा उपयोग उन्हाच्या वेळी, सूर्य पाठीशी ठेवून, मध्यम खोलीपर्यंतच होतो.

तिसरा मार्ग आपला स्वतःचा सूर्य बरोबर नेण्याचा, म्हणजे क्षणदीपाचा. यालाच आपण बोलताना फ्लॅश म्हणतो. त्याचा पांढरा प्रकाश वस्तूजवळच निर्माण होतो, त्यामुळे वरून खाली येताना द्यावी लागणारी जकात वाचते. परंतु वस्तूपर्यंत जाण्याची आणि परत येण्याची वाट त्यालाही चुकत नाही. आधीच्याच तांबड्या प्रकाशाचा हिशेब पाहा. वस्तू ३० सेंटीमीटरांवर असेल तर जाऊन-येऊन ६० सेंटीमीटर होतात व शंभरापैकी सुमारे ८१ भाग परत येतात. वस्तू १ मीटरवर असेल तर सुमारे ५० भाग परत येतात, आणि ३ मीटरांवर असेल तर अवघे १३. शिवाय अंतर दसपट झाले की दिव्याचा उजेड पसरून शंभरपट विरळ होतो, ते वेगळेच. म्हणजे उपाय कोणताही योजा, उत्तर एकच येते. वस्तू आणि भिंग यांमधील पाणी कमी करा.

२०१९ साली देर्या अक्काइनाक आणि ताली त्रायबित्झ या दोन संशोधिकांनी छायाचित्रातील पाण्याचा परिणाम गणिताने काढून टाकण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिने मिळालेली चित्रे जणू हवेत घेतल्यासारखी दिसतात. परंतु त्या पद्धतीलाही चित्रातील प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे, हे आधी कळावे लागते. संगणकाचाही पहिला प्रश्न अंतराविषयीच असतो.

तरंगत्या कणांचा उपद्रव

झरोक्यातून आलेल्या कवडशात धूलिकण चमकताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. समुद्राच्या पाण्यातही असेच असंख्य कण तरंगत असतात. छोट्या कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश भिंगाला जवळजवळ चिकटून असतो. त्याचा प्रकाश पुढच्या कणांवर आदळून थेट भिंगात परततो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. जणू समुद्रात हिमवर्षाव होत आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात धुके दाटले असता मोटारचालकाने प्रखर दिवे लावले तर समोर पांढरी भिंतच उभी राहते व रस्ता दिसेनासा होतो. तोच हा प्रकार.

यावर उपाय असा, की दिवा भिंगापासून दूर न्यावा. लांब दांड्यावर बसविलेला स्वतंत्र फ्लॅश बाजूला धरून थोडा बाहेरच्या दिशेने वळवावा, म्हणजे भिंगासमोरचे पाणी अंधारात राहते व प्रकाशझोताची कड तेवढी वस्तूवर पडते. छोट्या कॅमेऱ्याला असा फ्लॅश जोडण्यास तारेची गरज नसते. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा लखलखाट प्रकाशवाहक तंतूतून नेला की बाहेरचा फ्लॅश पेटतो. स्वतंत्र फ्लॅश नसेल तर कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवून उथळ पाण्यात, सूर्यप्रकाशात चित्रे घेणे अधिक श्रेयस्कर. तळावरील गाळ आपल्याच पायांनी ढवळला जाणार नाही, याकडेही लक्ष असावे. वरून खाली रोखलेल्या चित्रापेक्षा माशाच्या समपातळीवरून किंवा किंचित खालून घेतलेले चित्र अधिक उठावदार होते, कारण मागे गाळाऐवजी मोकळे निळे पाणी येते.

प्रथम पाणबुड्या, मग छायाचित्रकार

पाण्याखाली कॅमेरा हाती आला की मनुष्य स्वतःला विसरतो, आणि हाच या छंदातील सर्वांत मोठा धोका होय. यंत्राच्या साह्याने श्वास घेणाऱ्याने श्वास कधीही रोखून धरू नये, हा बुडी मारण्याचा पहिला नियम आहे. १० मीटर खोलीवर भरून घेतलेली हवा वर येताना आकारमानाने दुप्पट होते. श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुसांना इजा होते व प्राणावर बेतते. छायाचित्र घेताना हात हलू नये म्हणून जमिनीवर आपण नकळत श्वास रोखतो. ती सवय किनाऱ्यावरच ठेवून जावी.

वर येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ९ मीटरांहून अधिक असू नये आणि ५ मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हवेचा मापक वारंवार पाहावा व सोबत्याला नजरेआड होऊ देऊ नये. पाण्यात न बुडता, न तरंगता एका जागी स्थिर राहण्याची कला साधल्यावाचून कॅमेरा हाती घेऊच नये. प्रशिक्षकही हेच सांगतात. ज्याला हा तोल साधत नाही तो आधारासाठी प्रवाळाला हात लावतो किंवा पायाच्या फटकाऱ्याने ते मोडतो. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढते. एका फटकाऱ्याने निखळलेला वीतभर तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ होय. आपल्या देशात २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण देण्यात आले. चांगल्या चित्रासाठी प्राण्याला हुसकावणे, उचलणे किंवा हलवून ठेवणे हेही तितकेच गैर आहे. चित्र मिळाले नाही तरी चालेल, प्राणी जेथे होता तेथेच राहिला पाहिजे.

छायाचित्राची साक्ष

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. रंग बरोबर आला काय नि न आला काय, एवढे महत्त्व कशाला? याचे उत्तर प्रवाळांच्या देहातच आहे. प्रवाळाचा सांगाडा पांढरा असतो. त्याला तपकिरी-हिरवट रंग येतो तो त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलामुळे. हे शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अधिक तापले व तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे दिसू लागते आणि ताप लवकर ओसरला नाही तर उपासमारीने मरते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असे संकट १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली येऊन गेले.

म्हणजे प्रवाळाचा रंग हे त्याच्या प्रकृतीचे लक्षण होय. वैद्याला नाडी, तसा निरीक्षकाला हा रंग. चित्रात निळी झाक राहिली तर निरोगी तपकिरी प्रवाळ करडे दिसते व फिकट पडू लागलेले प्रवाळ त्यातून वेगळे ओळखता येत नाही. उलट फ्लॅशचा मारा अधिक झाला तर धडधाकट प्रवाळही पांढरेफटक उमटते, आणि नसलेल्या रोगाची नोंद होते. एका चित्राने आजार लपतो, दुसऱ्याने तो कल्पिला जातो. यासाठी अभ्यासक रंगांच्या पट्ट्या असलेला तक्ता प्रवाळाशेजारी धरून चित्र घेतात. तक्त्याचे खरे रंग ठाऊक असल्याने त्यांच्याशी ताडून चित्राची परीक्षा करता येते. ठराविक मापाची चौकट तळावर धरून, प्रत्येक वेळी सारख्याच उंचीवरून, दरवर्षी त्याच जागेचे चित्र घेण्याचीही रीत आहे. अशा चित्रमालिकेवरून किती प्रवाळ जगले, किती मेले आणि किती नव्याने रुजले, याचा हिशेब मांडता येतो.

प्राण्यांची ओळख पटविण्यासही छायाचित्रे उपयोगी पडतात. व्हेल शार्क या महाकाय माशाच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते. आकाशातील तारकांच्या आकृत्या जुळविण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी रचलेली एक गणितपद्धती या ठिपक्यांना लागू करण्यात आली व त्याविषयीचा शोधनिबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. हौशी पाणबुड्याच्या छोट्या कॅमेऱ्यातील चित्रही अशा जुळणीस पुरेसे होऊ शकते. मात्र त्यासोबत दिनांक, स्थळ आणि खोली यांची नोंद हवी. नोंदीवाचूनचे चित्र सुंदर असेल, साक्षीला उभे राहू शकत नाही.

आपल्या देशाला लाभलेली प्रवाळक्षेत्रे थोडी आहेत. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्रात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आढळते, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा अँग्रिया बँक हा बुडित प्रवाळमंच आहे. कच्छच्या आखातात नराऱ्याला ओहोटीच्या वेळी पायी जाऊनही प्रवाळ पाहता येते. तेथे विद्यार्थ्याला बुडी न मारता, गुडघाभर पाण्याच्या डबक्यापाशी बसून यांतील पुष्कळसे प्रयोग करता येतील. पांढरी पाटी पाण्यात धरून एक चित्र हातभर अंतरावरून घ्यावे व दुसरे वीतभर अंतरावरून घ्यावे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

त्या दोन चित्रांतील फरक हाच या सर्व विवेचनाचा सारांश होय. पाणी प्रकाशातून आपला वाटा घेतल्यावाचून राहात नाही. त्याला तो कमीत कमी घेऊ द्यावा, घेतला किती हे मोजून ठेवावे, आणि जे उरले त्याची प्रामाणिक नोंद करावी. समुद्राच्या तळाशी काय घडत आहे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणां सर्वांना अशाच नोंदींवरून कळणार आहे.